घरात समुद्र ठेवायचा तर सूर्यही ठेवावा लागतो



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांची मुलं पाच ते बारा वयाची आहेत त्यांच्या घरी "आई, आपण नीमो आणूया ना" हे कधी ना कधी झालेलंच असतं. मग शनिवारी सगळे मिळून दुकानात जातो. तिथं एका कोपऱ्यात निळ्या उजेडात साठ-सत्तर लिटरची टाकी ठेवलेली असते. आत जांभळे-हिरवे प्रवाळ, एक केशरी मासा, वर छोटासा एलईडी दिवा. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि आपण किंमत बघून गप्प होतो.

टाकी कशी लावायची याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. मला आज तिचा इतिहास सांगायचाय. कारण त्या टाकीवरचा दिवा निळाच का आणि इतका महाग का, हे कळायला माणसांना शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. तेवढ्या काळात किती प्राणी मेले आणि किती किनारे ओरबाडले गेले, हे दुकानदार सांगत नाही. मुलांनी मात्र ते ऐकायला हरकत नाही. उलट त्यांना आवडतं, कारण यात माणसं भारी आहेत.

आधी आपल्या घरातल्या गोष्टीपासून. आजीच्या अंगठीतलं पोवळं आठवतंय? मंगळासाठी घालायचं ते लाल रत्न. वैद्याकडचं प्रवाळभस्म. आपल्याकडे प्रवाळ म्हणजे खडा किंवा औषध, आणि ते साहजिकच आहे, कारण आपल्यापर्यंत पोचायचा तो सांगाडाच. खरं तर तो प्राणी आहे. एकेक प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा किंवा शर्टाच्या बटणाएवढा, तोंडाभोवती मिशांसारखे तंतू, आणि असे हजारो एकमेकांना चिकटून राहतात. त्यातही अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात खोल, अंधाऱ्या कपारींत वाढतं. त्याला उजेड लागत नाही. दुकानातल्या टाकीतलं प्रवाळ उजेडाशिवाय जगू शकत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ याच्यावरच झालाय.

गोष्ट सुरू होते एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून. जान व्हिलप्रो, जन्म १७९४, फ्रान्समधल्या एका लहान गावातली. अठराव्या वर्षी ती पॅरिसला गेली, चारशे किलोमीटरहून जास्त अंतर चालत गेली असं सांगतात. तिथं कपडे शिवायला लागली आणि हात इतका चांगला की १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्याकडे आला. पुढे जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिनाला राहायला गेली. म्हणजे आपल्यासारखीच, लग्न करून परदेशात! तिथं गेल्यावर तिनं समुद्राचा नाद लावून घेतला. शाळा-कॉलेजचं शिक्षण नाही, ओळखीपाळखी नाहीत. बेटावर फिरायचं, बघायचं, लिहून ठेवायचं.

त्या काळी एक वाद होता. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक भाऊबंद कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा, की शंखातल्या खेकड्यासारखा दुसऱ्याचा ढापलेला? मेलेले नमुने बघून हे कळणार कसं? जिवंत प्राणी रोज डोळ्यांसमोर हवा. म्हणून तिनं १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या, शिवाय समुद्रात बुडवून ठेवायचे पिंजरेही. शिंपल्याचा तुकडा पाडला की प्राणी तो स्वतः दुरुस्त करतो, हे तिनं दाखवलं. वाद मिटला. आज शास्त्रज्ञ काचेच्या टाकीत समुद्री प्राणी ठेवून अभ्यास करतात, त्याची सुरुवात या बाईनं केली.

पण मेसिना समुद्रकाठीच. पाणी खराब झालं की ताजं आणता येतं. खरी पंचाईत समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची, आणि ती सोडवायला घेतली अ‍ॅना थिन नावाच्या दुसऱ्या बाईनं. ही लंडनची, नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये मोठा धर्माधिकारी, घर पोराबाळांनी भरलेलं. १८४६ मध्ये ती डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्कीला गेली होती. तिथं खडकांवरचे प्रवाळ बघून तिला वाटलं, हे घरी न्यायचे. (आपण नाही का सामानात कढीपत्त्याचं रोप लपवून आणायचा विचार करत? विचार म्हटलंय हं, कस्टमवाले वाचत असतील.) तिनं काय केलं, तर सुई-दोऱ्यानं ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजवर टाचले, म्हणजे प्रवासात आपटणार नाहीत, आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत घालून लंडनला आणले.

आता रोज ताजं खारं पाणी कुठून येणार? तिनं एक युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीसमोर उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं. अर्धा-पाऊण तास. आपल्याकडे चहा गार करायला कपातून बशीत ओततात तसं, फक्त बादलीभर. त्यानं पाण्यात हवा मिसळते, प्राणवायू येतो. ओतायचं काम मात्र बाईसाहेब करत नव्हत्या, घरातली एक लहान वयाची मोलकरीण करायची. त्या मुलीला त्यात मजा वाटायची, असं बाईसाहेबांनी लिहून ठेवलंय. मुलीला कुणी विचारलेलं दिसत नाही, आणि तिचं नावही कुणी लिहिलेलं नाही. तुमच्या टाकीत बुडबुडे काढणारा जो छोटा पंप आहे ना, त्याच्या आधी त्या जागी ही मुलगी होती.

पुढच्या वर्षी अ‍ॅनानं बरणीत समुद्री शैवालही घातलं. वनस्पती प्राणवायू देणार, प्राणी कर्बवायू देणार, दोघांचं एकमेकांवर भागणार. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली. समुद्रापासून दूर, घरात, टिकून राहिलेली ही पहिली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणायची. आणि तिच्यात मासे नव्हते, प्रवाळ होते.

मग नंतरच्या शंभर वर्षांत घरोघरी प्रवाळ का नाही वाढले? कारण अ‍ॅनाचे प्रवाळ थंड समुद्रातले होते. आजीच्या पोवळ्यासारखेच उजेडाची गरज नसलेले. लंडनच्या ढगाळ खिडकीत ते मजेत जगले. उष्ण समुद्रातलं रंगीत प्रवाळ तसं ठेवलं असतं तर काही आठवड्यांत पांढरं पडून मेलं असतं. पुढे लोकांनी ते करून पाहिलं, आणि तसंच झालं.

मधला काळ भराभर सांगते. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. रेल्वेनं किनारा जवळ आला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, ते उभारण्यात फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. पुढच्या वर्षी त्यानं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं आणि मग काय, झुंबड! दिवाणखान्यात समुद्र ठेवायची फॅशनच आली. लोक हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर जायचे आणि खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुलं, खेकडे, शैवाल उपटून आणायचे. गॉस लेखणीचा जादूगार आणि मनाचा भला माणूस होता, पण त्याच्याच पुस्तकांमुळे त्याच्याच लाडक्या किनाऱ्यांची वाट लागली. हे पुढे त्याच्या मुलानं, एडमंड गॉसनं, १९०७ मध्ये आपल्या आठवणींत दुःखानं नोंदवलंय. बहुतेक टाक्या थोड्याच दिवसांत सडायच्या, वास सुटायचा, फेकून द्यायच्या. १८६० च्या दशकात फॅशन ओसरली. किनारे मात्र ओरबाडलेलेच राहिले.

यातून टाकीवाल्यांनी उजेडाबद्दल एक धडा घेतला, आणि गंमत म्हणजे तो उलटा होता. खिडकीत ठेवलेली टाकी उन्हानं हिरवीगार होते, काचेवर शैवाल माजतं. म्हणून ऊन टाळा! विल्यम अल्फर्ड लॉइड या हुशार गड्यानं १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय बांधलं तेव्हा दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा जमिनीखाली पूर्ण अंधारात ठेवला आणि पाणी सतत फिरवत राहिला. पाणी स्वच्छ राहिलं. माशांसाठी ही युक्ती उत्तम. आज तुमच्या टाकीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी लपवलेली असते, तिचं मूळ इथं आहे. पण 'अंधार चांगला, उजेड वाईट' हे डोक्यात बसलं ते बसलंच.

उजेडाचं कोडं सोडवलं ते टाकीवाल्यांनी नाही. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आइल्स नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन वर्षभर राहिली. बरोबर त्याची बायको मॅटी, मोहिमेची डॉक्टर म्हणून. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, हे तोपर्यंत माहीत होतं. पण ते तिथं काय करतं? यंगनं जिवंत प्रवाळ उजेड शिरणार नाही अशा खोक्यांत बंद केले. शैवाल निघून गेलं, प्रवाळ फिके पडले, पण खायला मिळालं तर जगले. त्यावरून त्याला वाटलं की शैवाल प्रवाळाचं अन्न नाही, फार तर त्याची घाण साफ करणारा भाडेकरू आहे.

प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष अर्धाच. १९४४ मध्ये पलाऊ बेटांवर काम केलेल्या सिरो कावागुती या जपानी शास्त्रज्ञानं हे शैवाल नेमकं कोणत्या जातकुळीचं ते दाखवलं. मग १९५८ मध्ये अमेरिकेत लेनर्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी समुद्रफुलावर किरणोत्सारी कार्बन वापरून बघितलं, तर शैवालानं उन्हात बनवलेलं अन्न प्राण्याच्या शरीरात जातंय! पुढच्याच वर्षी जमैकात थॉमस गोरो यांनी दाखवलं की प्रवाळ आपला चुन्याचा सांगाडा अंधारापेक्षा उजेडात कितीतरी भरभर बांधतं.

म्हणजे तो भाडेकरू नव्हताच. घरातला स्वयंपाकी तोच. आणि त्याची चूल उन्हावर चालते.

हे मुलांना सांगताना मी असं सांगते: प्रवाळ म्हणजे एक प्राणी, जो स्वतःच्या अंगात बाग ठेवतो आणि दगडाचं घर बांधतो. प्राणी, वनस्पती आणि गवंडी, तिन्ही एकाच जागी. चौथीतल्या मुलालाही हे पटकन कळतं.

शास्त्रज्ञांना १९६० पर्यंत हे कळलं. टाकीवाल्यांपर्यंत पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. त्या काळातल्या टाक्यांचे फोटो बघा. सिलिकॉनचा डिंक आल्यामुळे लोखंडी चौकट गेली, सगळी काचच. बाजारात पुड्यांतलं समुद्री मीठ आलं, त्यामुळे ओहायोतही समुद्र बनवता येऊ लागला. आत रंगीत मासे, आणि शोभेला काय, तर प्रवाळाचे पांढरेशुभ्र, धुऊन-उकळून ठेवलेले सांगाडे! माशांना रोग झाला की पाण्यात तांबं घालायचे, त्यानं मासे वाचायचे पण बिनकण्याचा प्रत्येक प्राणी मरायचा. जिवंत प्रवाळ घरात ठेवता येतच नाही, असं अनुभवी लोक छातीठोकपणे सांगायचे.

आणि तेव्हाच जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचा माणूस ते करत होता.

मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सर्वांत आवडतो. १९६१ मध्ये त्यानं एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला. पद्धत काय, तर समुद्राचं खरं पाणी, समुद्रातून आणलेले 'जिवंत' दगड, टाकीवर पडणारं खरं ऊन, आणि हळूहळू येणारे हवेचे बुडबुडे. गाळणी नाही, यंत्र नाही. दगड जिवंत म्हणजे काय? त्याच्या सच्छिद्र पोटात लाखो जीवाणू असतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विष. दगडाच्या वरच्या थरातले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि आत जिथं प्राणवायू पोचत नाही तिथले दुसरे जीवाणू त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून सोडून देतात. एका दगडात अख्खं सांडपाणी केंद्र. ली यांच्या टाकीत प्रवाळ जगले, वाढले.

लोकांनी वाचलं, कौतुक केलं, घरी करून पाहिलं आणि फसले. मग म्हणू लागले, ही पद्धत चालत नाही. पण पद्धत बरोबरच होती. जकार्ता विषुववृत्ताजवळ, ऊन फुकट. हॅम्बुर्ग किंवा शिकागोच्या जानेवारीत खिडकीतून येतं त्याला ऊन म्हणायचं का, हे आपल्यापैकी तिथं राहणाऱ्यांनीच सांगावं! वर एखादी ट्यूबलाइट लावून ते भरून निघत नाही. शिवाय दगड विमानानं येईपर्यंत निम्मा मेलेला असायचा, आणि तो टाकीत सडायचा.

ते ऊन घरात आणलं समुद्रापासून लांबच्या बर्लिनमधल्या हौशी लोकांनी, १९७० च्या उत्तरार्धात आणि ८० च्या दशकात. पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी घालून प्रवाळाला कॅल्शियम पुरवायची रीत रूढ केली. हो, पानाला लावतो त्याच चुन्याची निवळी! फेस काढून घाण बाहेर टाकणारं यंत्र आलं. आणि मुख्य म्हणजे वर मेटल हॅलाइडचे दिवे टांगले, दुकानांच्या शोकेसमध्ये आणि मैदानांवर लावतात त्या जातीचे, दीडशे-अडीचशे वॅटचे. खोली भट्टीसारखी तापायची, विजेचं बिल बघून घरात भांडणं होत असणार. पण प्रवाळ वाढू लागले.

त्यात डीट्रिश श्ट्युबर यांच्या टाकीत अ‍ॅक्रोपोराचा, म्हणजे फांद्यांच्या प्रवाळाचा, एक छोटासा अंश वाढून झुडूप झालं. त्याच्या काड्या मोडून त्यांनी मित्रांना दिल्या, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आपल्याकडे जास्वंदीची फांदी शेजारी देतात तशा. त्या काड्या पुढे अमेरिकेपर्यंत पोचल्या. आज दुकानात अंगठ्याएवढ्या चकतीवर चिकटवून जे 'फ्रॅग' मिळतात त्यांची रीत ही. घरात वाढलेल्या प्रवाळाची काडी घेतली तर समुद्रातला एकही खडक फोडावा लागत नाही. गॉसच्या काळी हे कुणाला जमलं असतं तर इंग्लंडचे किनारे वाचले असते.

अमेरिकेत वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियनच्या निसर्ग संग्रहालयात १९८० मध्येच जिवंत प्रवाळाची टाकी लावून दाखवली होती. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच माणसाच्या लेखमालेनं 'मिनी रीफ' घरोघरी नेला. तिथून पुढचं बाजारानं केलं.

आता निळ्या रंगाकडे येऊ. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग आधी गिळतं. दहा मीटर खाली गेलात की तांबडं जवळजवळ संपतं, उरतो निळा-हिरवा उजेड. प्रवाळातलं शैवाल लाखो वर्षं त्या निळ्यावरच स्वयंपाक करत आलंय. म्हणून जुने दिवे हळूहळू पिवळट पांढऱ्याकडून निळसर पांढऱ्याकडे गेले. मग १९९३ मध्ये जपानात शूजी नाकामुरा यांनी भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी बनवला. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. तो तुमच्या फोनच्या पडद्यामागे आहे आणि मुलांच्या टाकीवरही आहे. प्रवाळासाठीचे पहिले एलईडी दिवे २००६ च्या सुमारास बाजारात आले तेव्हा भयंकर महाग होते. आता साठ लिटरच्या टाकीला पुरेल असा दिवा तळहातावर मावतो आणि पाणीही तापवत नाही. प्रवाळ निळ्या उजेडात जे हिरवे-नारिंगी चमकतात, ते त्यांच्या अंगातल्या प्रथिनांमुळे. काही दुकानदार फक्त गडद निळा लावून रंग फुगवून दाखवतात. घेण्याआधी पांढरा दिवा लावायला सांगा.

एवढा इतिहास वाचल्यावर टाकी लावायची असेल तर तो कामाला येतो, तेवढं सांगते.

लहान टाकी सोपी, हा समज चुकीचा. पाणी कमी म्हणजे बिघाड लवकर. पाण्याची वाफ होते, मीठ तिथंच राहतं. आपली पेण-उरणची मिठागरं याच तत्त्वावर चालतात. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची, खाऱ्या नाही. विशेषतः दुबई-मस्कतच्या मंडळींनी, एसीच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं. क्षार लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास, तापमान २५-२६ अंश. दगड घालून चार ते सहा आठवडे नुसतं पाणी फिरू द्यायचं, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत. हाच काळ मुलांना सर्वांत जड जातो, कारण टाकीत "काहीच नसतं". त्यांना चाचणीच्या नळीतला रंग वहीत लिहायला द्या. अ‍ॅना थिनला हे जीवाणू माहीतही नव्हते, तुमच्या मुलाला माहीत असतील.

आणि दिवा पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीनं लावू नका. पूर्वी उजेड कमी पडून प्रवाळ मरायचे, आता जास्त होऊन भाजतात. तिसऱ्या हिश्श्यानं सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवायचा, दिवसाला आठ-दहा तास पुरे.

आत कोण येणार हेही आधी ठरवा. नीमो, म्हणजे क्लाउनफिश, चालेल, पण पाळीव पैदाशीचा मागा. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांची पैदास करून विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायचं काहीच कारण नाही. त्याला समुद्रफूल लागतंच असंही नाही, नव्या टाकीत ते मरतं आणि सगळं पाणी नासवतं. डोरी मात्र नाही. ती फूटभर वाढते, आणि पाळीव पैदास २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात पहिल्यांदा जमली असली तरी दुकानातली बहुतेक समुद्रातलीच असते. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून असे मासे पाण्यात सायनाइड फवारून गुंगवून पकडले गेले. मासा दुकानापर्यंत जिवंत येतो आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत 'उगाचच' मरतो. सायनाइड प्रवाळालाही मारतं. मूल रडतं, आपण दुसरा आणतो. ही साखळी आपल्या पाकिटापाशी तोडता येते.

सुट्टीत मॉरिशसच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकायचा नाही, हेही मुलांना आधीच सांगा. दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय सायटिस कराराखाली येतात, सीमा ओलांडायला परवाना लागतो. भारतात तर २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहेत. आणि हो, मुंबईतही जिवंत प्रवाळ आहेत, थेट हाजी अली-वरळीच्या खडकांवर. कोस्टल रोडच्या कामासाठी, २०२० मध्ये, त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. तारापोरवाला मत्स्यालयाची सहल केलेल्या आपल्या पिढीतल्या कितीजणांना हे माहीत होतं?

शेवटी लंडनकडे परत. फॉरेस्ट हिलला हॉर्निमन संग्रहालय आहे, तिकडच्या मंडळींनी मुलांना न्यावं. तिथं जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी 'प्रोजेक्ट कोरल' चालवलाय. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री, एकदम अंडी सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. हॉर्निमनमध्ये त्यांनी दिव्यांच्या साहाय्यानं दूरच्या समुद्रातला वर्षभराचा सूर्योदय-सूर्यास्त, पाण्याचं वाढतं-उतरतं तापमान आणि चंद्राच्या कलासुद्धा टाकीत उभ्या केल्या. प्रवाळांनी लंडनमध्ये, ठरल्या रात्री, अंडी सोडली. ती पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमनं त्यांच्या मदतीनं ऑगस्ट २०१९ मध्ये खांबासारख्या वाढणाऱ्या दुर्मीळ पिलर प्रवाळाकडूनही अंडी मिळवली, आणि तोपर्यंत फ्लोरिडाच्या समुद्रात ती जात रोगानं जवळजवळ संपत आली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं की लोकांनी समुद्रातले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवले.

आता तुमच्या एलईडीच्या अ‍ॅपवर 'मूनलाइट' असं एक बटण असेल. मुलं विचारतील, ते लावलं तर आपल्याकडे पण अंडी येतील का? नाही येणार. हॉर्निमनमध्ये रात्री बाहेरचा कणभर उजेड आत जाऊ नये म्हणून टाक्या झाकतात. आपल्या हॉलमध्ये अकरा वाजेपर्यंत टीव्ही चालू असतो. ते बटण आपल्याला बघायला बरं वाटावं म्हणून आहे. झोपायच्या आधी पाच मिनिटं लावा, झोपलेला नीमो दाखवा आणि बंद करा.